पेरूच्या शेडमधला हसणारा माणूस

खोटं मी बोललो आणि माफी आठवीतल्या एका मुलीला मागावी लागली. मुख्याध्यापकांच्या खोलीत, स्वतःच्या आईसमोर, मान खाली घालून ती म्हणाली, "चुकलं सर." मी तिच्याकडे न बघता मान डोलावली, मोठ्या मनानं क्षमा केल्यासारखी. हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर पुढं लिहिता लिहिता मी स्वतःला सांभाळून घेईन. ती सवय मला आहे.

राहाता आणि श्रीरामपूरच्या मधल्या एका गावात मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. गावाच्या एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला पेरूच्या बागा. शाळेत चित्रकलेच्या शिक्षकाची किंमत काय असते ते त्यालाच विचारावं. पाहुणे आले की फलक लिहायचा, पंधरा ऑगस्टला रांगोळी काढून घ्यायची, आणि दहावीचा भाग संपला नाही की गणिताचे सर दारात उभे: "तुमचा तास जरा द्या ना, तुमचं काय, चित्रंच आहेत." मी देत आलो. बरं वाटायचं नाही, पण देत आलो.

मग एका उन्हाळ्यात आम्हाला प्रशिक्षणाला पाठवलं. चहा, बिस्किटं, सह्या, असं ते नेहमीचं असणार असं धरून मी मागं बसलो होतो. पण तिथल्या एका मॅडमनी भिंतीवर एक चित्र लावलं आणि आम्हा शिक्षकांना दोनच गोष्टी विचारल्या. काय दिसतंय? आणि कशावरून म्हणता? तासभर त्यांनी उत्तर सांगितलंच नाही. आम्ही मोठी माणसं चिडलो, भांडलो, एकमेकांना खोडून काढलं आणि त्या नादात ते चित्र कधी नव्हे इतकं नीट बघितलं. येताना बसमध्ये मी ठरवलं की हे आपण करायचं. आठवड्यातला एक तास चित्र काढायचं नाही, फक्त बघायचं.

पहिले तास वाईट गेले. मुलं चित्राकडं बघेनात, माझ्या तोंडाकडं बघत. माझी भुवई हलली की उत्तर बदलत. त्यांचा दोष नव्हता. इतकी वर्षं आम्हीच त्यांना तोंड वाचायला शिकवलं होतं. शेवटी मी उठून सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसलो आणि म्हणालो, "आता मागं वळायचं नाही. जे काय बोलायचं ते चित्राशी बोला."

त्या दिवशी मी खताच्या दुकानातलं एक कॅलेंडर फळ्यावर टांगलं होतं. त्यात उसाची मोळी धरून हसणारा शेतकरी. मग पुढून एकजण म्हणाला, "सर, ह्यानं ऊस तोडलेला न्हाई."

"कशावरून?"

"हाताला एक बी ओरखडा न्हाई."

"शर्ट बघ की, कसला पांढरा," दुसरा म्हणाला. "फोटोपुरता आलाय."

"मग आमदार असंल!"

वर्ग हसला, मी पण हसलो. हसणं थांबल्यावर खिडकीजवळच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, मोळी बांधलीय ती पाचटानं न्हाई, सुतळीनं. आन् कोयता कुठंच न्हाई. ज्यानं चित्र काढलं त्यानं बी ऊसतोड बघितलेली न्हाई."

चित्रातल्या माणसावरून ती चित्र काढणाऱ्यापर्यंत पोचली होती. मी ज्यासाठी हा तास सुरू केला, ते हेच होतं. त्या मुलीचीच ही गोष्ट आहे. तिची आई पेरूच्या शेडमध्ये कामाला जाते. बागांतला माल तिथं येतो, बायका जमिनीवर बसून लहान-मोठे पेरू निवडतात, क्रेट भरतात, संध्याकाळी टेम्पो येतो. शाळा सुटली की मुलगी तिथंच जाऊन आईशेजारी बसायची.

हिवाळ्यात तालुक्याची चित्रकला स्पर्धा आली. विषय होता 'आमचं गाव कामाला लागतं'. चित्रं मुलांकडून काढून घ्यायची आणि शिक्षकांनी नेऊन द्यायची. तिनं शेड काढली. पोस्टर कलर, वर काळ्या पेनच्या तिरक्या रेघांनी छटा. ताडपत्रीवर बसलेल्या बायका, मधे पेरूंचे ढीग, आणि सगळ्या बायकांच्या माना वर. त्यांच्यासमोर पँटीतले दोन पाय, कागदाच्या जवळजवळ निम्म्या रुंदीचे, गुडघ्यांच्या वर कागद संपलेला. आणि वरून खाली आलेला एक हात, चिमटीत एक पेरू धरलेला. व्यापाऱ्याचा माल बघणारा माणूस असतो, तो क्रेटमधला एकेक पेरू उचलून बघतो, पटला नाही की बाजूला टाकतो. त्याचा तो हात.

मला ते चित्र चुकलेलं वाटलं. अगदी खरं सांगतो, मला ते समजलंच नाही. माणसाला डोकं नाही, पाय राक्षसासारखे, प्रमाण बिघडलेलं. आणि आम्हा चित्रकलेच्या शिक्षकांमध्ये एक रीत आहे, तिला आम्ही 'शेवटचा हात फिरवणं' म्हणतो. स्पर्धेला चित्र पाठवण्याआधी शिक्षक त्यावरून आपला ब्रश फिरवतो. कुठं नाक सरळ करायचं, कुठं आभाळ उजळायचं. माझ्या शिक्षकांनी माझ्या चित्रावर फिरवला होता. सगळेच फिरवतात, परीक्षकांनाही माहीत असतं, कोणी बोलत नाही. त्याला आम्ही मदत म्हणतो.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी चित्रकलेच्या खोलीत बसलो आणि तिचं चित्र सुधारलं. पाय रंगानं बुजवले. त्या जागी पूर्ण माणूस काढला, बायकांसमोर उभा, पांढरा शर्ट, त्यावर तिच्यासारख्याच काळ्या पेनच्या रेघा, हसरा चेहरा. तो वरून आलेला हात कुठं घालवावा कळेना, म्हणून त्याची पेरूची फांदी केली. शेवटी मागं सरून बघितलं आणि मला समाधान वाटलं. हेच मला आज सगळ्यात जास्त टोचतं. मुलांना दर आठवड्याला 'कशावरून' विचारणारा मी, त्या दिवशी मला स्वतःला विचारायचं सुचलं नाही.

चित्राला पहिला क्रमांक मिळाला. बक्षीस समारंभात सगळी चित्रं स्टेजवर लावली होती. तिचं नाव पुकारलं. ती वर गेली, प्रमाणपत्राला हात लावायच्या आधी चित्राकडं वळली आणि माइकसमोरच म्हणाली, "हे माझं चित्र न्हाई."

लोकांना वाटलं पोरगी लाजली. टाळ्या झाल्या, पाहुण्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. फोटोत ती समोर बघत नाहीये.

शाळेत मात्र हे लाजण्यावर निभावलं नाही. ती ऐकेचना. बक्षीस घेणार नाही, म्हणाली. मुख्याध्यापकांनी तिच्या आईला बोलावलं. आई कामावरूनच आली होती, पदराला हात पुसत उभी राहिली. टेबलावर चित्र होतं. तिनं ते वाकून बघितलं.

"मला काढलंय ते बरोबर हाय, सर. ही मीच. ह्या आमच्या शेजारच्या. पण ह्यो हसणारा बाप्या आमच्या शेडात न्हाई."

"ताई, चित्र आहे ते. फोटो नाही," मुख्याध्यापक म्हणाले.

"व्हय, पर तिनं माझ्याजवळ बसून काढलं तवा पाय हुते. पोर खोटं बोलत न्हाई हो."

मुख्याध्यापक माझ्याकडं वळले. माणूस सरळ आहे, त्यांनी सरळच विचारलं. "सर, तुम्ही ह्या चित्राला हात लावलाय का?"

तेव्हा 'हो' म्हणायला काय हरकत होती? शाळेच्या दारात अभिनंदनाचा बोर्ड लागला होता, वर्तमानपत्रात बातमी आली होती, चित्रकलेच्या शिक्षकाकडं पहिल्यांदाच कोणीतरी नीट बघत होतं. ही कारणं आहेत, सबब नाही. मी म्हणालो, "थोडं मार्गदर्शन केलं, तेवढंच. चित्र तिचंच आहे. एवढ्या लोकांसमोर बावरली असेल."

मग मुख्याध्यापक तिला म्हणाले, "बाळा, सरांवर असा आळ घेतात का? माफी माग." आणि तिनं मागितली.

त्यानंतर शाळेत ती खोटारडी ठरली. पोरांना तर चघळायला विषयच मिळाला. तिच्या डब्यातून काही सांडलं की, "ए, हा तिचा डबा न्हाई बरं का!" गणिताचा पेपर मिळाला की, "मार्क बघ, म्हणशील हा माझा पेपर न्हाई!" मी दोन-तीनदा दटावलं. पण त्यांना ते हत्यार मीच दिलं होतं, मग दटावून काय होणार? आणि बघण्याच्या तासाला ती बोलायची थांबली. खिडकीजवळ बसायची, चित्राकडं बघायची, तोंड उघडायची नाही. जे दिसायला इतरांना दहा मिनिटं लागत ते तिला लगेच दिसतं हे मला ठाऊक होतं. पण जिच्या डोळ्यांनी बघितलेलं सगळ्यांनी मिळून खोटं ठरवलं, ती कशाला बोलेल?

तिचं चित्र फ्रेम करून ऑफिसात लावलं होतं. मी ऑफिसात जाताना दुसऱ्या भिंतीकडं बघत जायचो.

मुलं नववीत गेली. एका तासाला मी चित्र लावायला लागलो तर एकजण उठला. "सर, नेहमी कॅलेंडरच का? ऑफिसातलं आपल्या शाळेचं चित्र बघू या की."

"आणा सर, आणा!" वर्गानं उचलून धरलं.

मी म्हणालो, पुढच्या वेळी. पुढच्या वेळी म्हणालो, फ्रेम काढता येत नाही. त्यानंतर म्हणालो, आज प्रकल्पाचं काम आहे. खिडकीजवळची ती मुलगी प्रत्येक वेळी माझ्याकडं बघायची. रागानं नाही. मी काय करतो ते बघायची, चित्र बघावं तशी.

मला कळत होतं की हे चित्र वर्गात आलं तर मुलं मला पकडणार. त्यांना पकडायला मीच शिकवलं होतं. आणि नाही आणलं तर हा तास बंद करावा लागणार, कारण जे बघायचं नाही असं मीच ठरवतो, तिथं कसलं बघणं? बरेच दिवस मी ह्या दोन्हींच्या मधे राहिलो. शेवटी एका सकाळी ऑफिसात गेलो, भिंतीवरून फ्रेम उतरवली, मागची टाचणी काढून चित्र मोकळं केलं आणि वर्गात नेऊन खिडकीच्या उजेडात टेकवलं. मग मागच्या बाकावर जाऊन बसलो. उठायचं नाही हे ठरलं होतं.

"काय दिसतंय?"

सुरुवात थट्टेनंच झाली. "सर, ही फांदी हवेतनं आलीय. झाडच न्हाई."

"भुताची फांदी!"

"कशावरून भुताची?" मी विचारलं.

एक मुलगा जवळ गेला आणि गाल कागदाला लावून तिरका बघू लागला. "सर, इथं रंग फुगलाय. दोनदा दिलाय. खाली काहीतरी हाय. लांब लांब." त्यानं बोट फिरवलं. "दोन हायेत. पायासारखं."

आता कोणी हसत नव्हतं. मुलं बाकांवरून उठून चित्राभोवती जमली. काळ्या पेनच्या रेघा एका मुलीनं दाखवल्या. बायकांच्या लुगड्यांवरच्या, ताडपत्रीवरच्या रेघा सगळ्या डावीकडं कललेल्या. त्या हसणाऱ्या माणसाच्या शर्टावरच्या उजवीकडं.

"मग?" मी म्हणालो.

"मग काढणारे दोघं हायेत, सर. डाव्या हातानं वढली की रेघ अशी पडते, उजव्यानं वढली की अशी." तिनं हवेत दोन्ही हात फिरवून दाखवले. मग खिडकीकडं वळून हळूच म्हणाली, "आन् ही तर डावरी हाय."

सगळा वर्ग त्या मुलीकडं वळला. ती जागची हलली नव्हती.

"आजून एक," तो फांदीवाला मुलगा म्हणाला. "ह्या बायका त्या माणसाकडं बघतच न्हाईत. नजर त्याच्या डोक्याच्या लई वर जाते. कुणाकडं बघतात मग?"

मग ती उठली. किती महिन्यांनी त्या तासाला मी तिचा आवाज ऐकत होतो.

"मालवाल्याच्या तोंडाकडं. ते कागदाच्या बाहेर हाय. आमी खाली बसलेलो असतो, तो उभा. आमाला त्याचे पाय दिसतात आन् हात. पेरू ठिवतोय का टाकतोय ते बघायला मान वर करावी लागते, तर डोळ्यात ऊन येतं. तोंड दिसतच न्हाई." तिनं कागदाच्या वरच्या कडेकडं बोट दाखवलं. "म्हणून न्हाई काढलं."

मी इतकी वर्षं मुलांना प्रमाण शिकवलं. कोण कुठं बसून बघतंय त्यावर प्रमाण ठरतं, हे पुस्तकात मी वाचलेलं होतं, फळ्यावर लिहूनही दिलेलं होतं. तिनं ते काढून दाखवलं आणि मी ते रंगानं बुजवलं.

"सर," पुढच्या बाकावरचा एकजण मागं वळला. वळायचं नाही हा नियम त्या दिवशी कोणी पाळला नाही. "मग दुसरा कोण? उजव्या हाताचा?"

काहींना तोवर कळलं होतं. त्यांच्या डोळ्यांत मला ते दिसत होतं, आणि त्यांना ते नको होतं हेही दिसत होतं. मी उठून पुढं गेलो, चित्राशेजारी उभा राहिलो.

"मी," म्हणालो. "तो माणूस मी काढलाय. फांदी पण मीच."

वर्गात ते बोलणं सोपं नव्हतं, पण तेवढ्यावर भागणार नाही हे मला तिथं उभं असतानाच कळलं. ती खोटारडी ठरली होती ती सगळ्या शाळेत, आणि तिच्या आईच्या समोर. दुपारी मी मुख्याध्यापकांकडं गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मला तोंडावर खोटं सांगितलंत, सर."

"हो."

त्यांनी खुर्ची खिडकीकडं वळवली. मग म्हणाले, "झालं ते झालं. वर्गात बोललात ना, पुरे. बक्षीस परत करावं लागेल, शाळेचं नाव जाईल, संस्थेत विचारणा होईल. त्या पोरीला मी बोलावून समजावतो."

"तालुक्याला मी स्वतः जाऊन सांगतो, सर. संस्थेत जे उत्तर द्यायचं ते मी देईन. पण मला उद्या परिपाठाला बोलू द्या. आणि तिच्या आईला मी बोलावणार आहे."

"तुमची नोकरीची वर्षं किती राहिलीत, विचार केलाय का?"

"म्हणूनच म्हणतोय. तेवढी वर्षं ह्याच मुलांसमोर उभं राहायचंय."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. पण नाही म्हणाले नाहीत.

संध्याकाळी मी शेडवर गेलो. पहिल्यांदाच आत गेलो. बायका ताडपत्रीवर बसल्या होत्या, मी उभा होतो, आणि त्यांच्या माना वर झाल्या. मी घाईनं खाली बसलो. तिच्या आईला म्हणालो, "ताई, उद्या सकाळी शाळेत याल का? थोडा वेळ."

"आता काय केलं तिनं?" हातातला पेरू तिनं खाली ठेवला.

"तिनं काही केलेलं नाही. मी केलंय."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. शेजारची एकजण म्हणाली, "जा गं, तुजा ढीग आमी निवडतो."

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली. मुलं मैदानात ओळीनं बसली. आई पायऱ्यांजवळ उभी होती, मुख्याध्यापक तिच्या बाजूला. त्यांनी स्वतःच माइक माझ्या हातात दिला. मी मुलीला पुढं ये म्हणालो नाही. पुन्हा तिला सगळ्यांच्या समोर उभं करायचा मला हक्क नव्हता. नववीच्या ओळीत ती जिथं बसली होती तिथं मी गेलो आणि समोर मातीत बसलो. माइकची वायर तिथवर पुरली नाही, म्हणून तो बाजूला ठेवला आणि मोठ्यानं बोललो, शेवटच्या ओळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"ऑफिसातलं चित्र मी बदललं. ही म्हणाली, हे माझं नाही, तेव्हा ती खरं बोलत होती. मला विचारलं तेव्हा मी खोटं बोललो आणि हिला खोटारडी ठरू दिलं. हिच्या आईनंही खरंच सांगितलं होतं, त्यांनाही आम्ही ऐकलं नाही. बाळा, तुझं चित्र चुकलेलं नव्हतं, मला ते बघता आलं नाही. त्या दिवशी माफी मी मागायला हवी होती, ती मी तुला मागायला लावली. आज मी मागतोय. मला माफ कर. ताई, तुम्हीही मला माफ करा."